मदत हवी आहे: छोट्या फ्लॅट्सच्या बिल्डिंगमध्ये पॅसेज मधोमध घ्यावा की एका बाजूला?

नमस्कार मंडळी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, थीसिसला दाट वस्तीतली परवडणारी घरं घेतलीत आणि टिपिकल फ्लोअर प्लॅनवरच गाडी अडलीय. प्लॉट १८ बाय ४५ मीटर, अरुंद बाजू रस्त्याला, दोन्हीकडे शेजारच्या बिल्डिंगी हद्दीला खेटून. मार्जिन (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) सोडून १२ बाय ३६ हातात उरतं. खाली पार्किंग, वर सात मजले, फ्लॅट साधारण ३० स्क्वेअर मीटर कार्पेट.

पॅसेज मधोमध घेतला की जिना-लिफ्ट धरून मजल्याला १० फ्लॅट बसतात, खर्च वाटला जातो, गाईड सर खूश. पण प्रत्येक घराला एकाच बाजूने खिडक्या, वारा आरपार जाणारच नाही आणि पॅसेजमध्ये भर दुपारी लाइट लावायचे. पॅसेज एका बाजूला, म्हणजे उघडी गॅलरी घेतली तर घर ८ मीटर खोल नि पावणेचार मीटर रुंद होतं, हवा मस्त खेळते, एका अंगाला मार्जिनही वाढतं, पण फ्लॅट ८ वर येतात. म्हणजे सात मजल्यांत १४ घरं गेली, आणि स्वस्त घरं म्हणताना १४ घरं सोडायला जीव होत नाही हो.

आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएच्या फ्रान्समधल्या मार्सेयच्या बिल्डिंगमध्ये (१९५२) दर तिसऱ्या मजल्यालाच कॉरिडॉर आहे आणि बहुतेक घरं दुमजली नि आरपार, ते करून बघितलं. पण ३० स्क्वेअर मीटरच्या घरात आतला जिना घातला की राहायला उरतं काय, शिवाय गुडघेदुखीवाल्या आजींनी रोज तो चढायचा का?

सध्या मन गॅलरीकडेच आहे. अडचण प्रायव्हसीची, येणारा-जाणारा थेट घरात डोकावणार. गॅलरी भिंतीपासून मीटरभर लांब ठेवून दारापुरता छोटा पूल द्यायचा आणि त्या बाजूला किचन-बाथरूम घ्यायचं असं डोक्यात आहे, म्हणजे पाइपही त्याच फटीतून खाली जातील आणि गळती झाली तर कुणाच्या घरात न शिरता दुरुस्ती होईल. पण स्लॅबचा खर्च किती वाढेल, आणि पावसाचं पाणी त्या फटीतून दारात येईल का?

पार्किंगचं वेगळंच त्रांगडं. कॉलम दर दोन घरांनंतर येतात, दोन घरं मिळून साडेसात मीटर, अडीच मीटरच्या तीन गाड्या बरोब्बर बसतात, पण कॉलमची जाडी धरली की गणित फसतं. ट्रान्सफर बीम (वरच्या कॉलमचा भार खालच्या वेगळ्या जागेच्या कॉलमवर नेणारा जाड बीम) टाकायचा नाहीये, महाग पडतो. घर थोडं रुंद करू की दोनच गाड्या लावू?

असं काम प्रत्यक्ष साइटवर केलेल्यांनी प्लीज सांगा, सबमिशन जवळ आलंय.