एस्टीमचा वॉटर पंप गळतोय. टायमिंग बेल्टही बदलायचा का?

पानापक्कड
जुन्या मारुती एस्टीमच्या गळक्या वॉटर पंपावर (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा पंप) इथे असा सल्ला दिला गेलाय: "पंप फॅन बेल्टवर चालतो, टायमिंग बेल्टवर नाही. पंपाबरोबर टायमिंग बेल्ट बदला म्हणणारा मेकॅनिक टोपी घालतोय. तोवर पंपाखालचं भोक एम-सीलने बुजवा आणि थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत लागत नाही." (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) त्यावर धन्यवादांची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

पंप फॅन बेल्टवर चालतो हे बरोबर. टायमिंग बेल्ट वेगळा, तो क्रँकवरून (इंजिनचा मुख्य दांडा) कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो. पण या १३०० सीसीच्या इंजिनात पंप सोडवायचा तर फॅन बेल्ट, पंपाची पुली, क्रँक पुली, टायमिंग कव्हर, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) एवढं सगळं आधी उतरवावं लागतं. बेल्ट हातात येतोच. तो जुना असेल तर पुन्हा तोच चढवून सहा महिन्यांनी त्याच मजुरीचे पैसे परत मोजायचे, यात बचत कसली?

भोकाचं तर विचारूच नका. पंपाच्या शाफ्टवर पुढे बेअरिंग, मागे सील. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं. तिथून खाली ओघळलेला हिरवट-पांढरा वाळका डाग दिसला की पंप संपला. ते बुजवलं की पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं, बेअरिंग जाम होतं, फॅन बेल्ट जळतो किंवा तुटतो आणि चार्जिंगही बंद पडतं. ठिबकणाऱ्या पंपावर पाणी भरत गॅरेजपर्यंत जाता येतं, जाम झालेल्या पंपावर नाही.

फक्तपंप
तो सल्ला माझाच. एम-सीलचं मागे घेतो. बेल्टचं घेत नाही.

बेल्ट वीस हजार किलोमीटरच चाललेला असेल तर तो का फेकायचा? उतरवण्याआधी त्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढा, दुमडू नका, त्याच दिशेने परत चढवा. मॅन्युअलला हे मान्य आहे. गॅरेजवाले मात्र बेल्ट, टेन्शनर, क्रँकचं सील, कॅमचं सील, सगळं एका बिलात घालतात. गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, जुना माल दाखवायचा नाही. माझा राग त्यावर आहे.

पानापक्कड
जुना माल मागून घ्या, हे शंभर टक्के मान्य. पण वीस हजारवाला बेल्टसुद्धा आधी उलटा करून बघा. दातांच्या बुडाशी तडे, कडेला सुटलेले धागे किंवा तेलाची चकाकी, यातलं काहीही असेल तर तो गेला. तेल असेल तर ते क्रँकच्या किंवा कॅमच्या सीलमधूनच आलेलं असतं, तेव्हा सील बदलल्याशिवाय नवा बेल्टही टिकणार नाही. गळका पंप महिनोन्‌महिने चालवला असेल तर बेल्टवर कूलंटही (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं गंजरोधक द्रव) उडालेलं असतं. आणि जुन्या गाडीचा बेल्ट शेवटचा कधी बदलला हे दहातल्या नऊ मालकांना माहीत नसतं. माहीत नसेल तर बदला.

घाटातला
बेल्टवर वाद घाला, पण थर्मोस्टॅट काढणं चूक म्हणणाऱ्यांनी तो लावून मे महिन्यात कसारा चढून दाखवावा. भाड्याच्या गाड्यांतून तो सर्रास काढलेला असतो. अडकला की गाडी तापते, नसलेला अडकत नाही. कूलंटचंही तेच. साधं पाणी कूलंटपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं, हे विज्ञान आहे.

बोनेटखाली
पाण्याचं विज्ञान अर्धंच सांगितलंत. उष्णता वाहण्यात शुद्ध पाणी सरस, कबूल. पण हे इंजिन अख्खं ॲल्युमिनियमचं आहे. बोअरचं जड पाणी भरलं की आत क्षार धरतात, ॲल्युमिनियम खड्डे पडून सडतं, आणि ते कण पंपाच्या सीलच्या गुळगुळीत तोंडावर घासतात. सोलापूरकडच्या गाड्यांचे उघडलेले पंप बघा, पंख्यावर खरवडून काढावा लागेल असा थर असतो. ज्या पंपावर ही चर्चा चालू आहे तो यानेच मरतो. डिस्टिल्ड पाण्यात ३० ते ५० टक्के कूलंट घाला. ज्या डब्यावर तयार मिश्रण लिहिलंय त्यात आणखी पाणी घालू नका.

थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो. चढावर तो पूर्ण उघडा असतो, म्हणजे कसाऱ्यात तो काढलाय की आहे याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो सकाळी. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, इंजेक्शनच्या एस्टीममध्ये सेन्सर "थंड आहे" सांगत राहतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. थंड सिलिंडरच्या भिंतीवरून ते पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

घाटातला
पुस्तकं वाचून गाड्या चालत नाहीत. ड्युप्लिकेट थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की इंजिन तापून त्याचं हेड (वरचा भाग) वाकतं, मग खर्च कोण देणार?

बोनेटखाली
मग ड्युप्लिकेट लावू नका, आणि बसवण्याआधी तपासा. पातेल्यात पाणी, त्यात दोरीला टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तोंड उघडायला लागलं पाहिजे, पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडलं पाहिजे, थंड झाल्यावर घट्ट मिटलं पाहिजे. दहा मिनिटांचं काम. न तपासता काढून फेकायला सांगणं ही बेपर्वाई आहे, आणि तुमच्या शब्दावर लोक तसं करतात म्हणून मला राग येतो.

रविवारगॅरेज
रेडिएटरमध्ये हळद टाकण्याबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे सगळे ड्रायव्हर टाकतात.

पानापक्कड
रेडिएटरच्या नळीतलं सुईएवढं छिद्र हळदीने काही काळ धरतं. पंपाचं सील फिरतं असतं, तिथे हळद काय धरणार? उलट तो गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

आता पंपाकडे या, कारण चुका तिथे जास्त होतात. पंपाला गॅस्केट (सांध्यात बसणारी पातळ चकती) आहे, शिवाय दोन रबरी सील आहेत: एक पंप आणि ऑइल पंपाच्या मध्ये, दुसरं पंप आणि हेडच्या मध्ये. पंपाच्या खोक्यात ती नेहमी नसतात. जुनी फेकण्याआधी बघून घ्या. गॅस्केटची जागा प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा. पोलादी पात्याने ॲल्युमिनियमवर चरा पडला की तिथूनच नवी गळती. सिलिकॉनचा लपका नको, आत पिळून निघालेला तुकडा सुटून रेडिएटरच्या नळीत अडकतो. बोल्टना १० ते १३ न्यूटन-मीटरच, आलटून-पालटून. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नसेल तर छोटा पाना वापरा, लांब दांड्याने आटे हमखास जातात.

टायमिंगच्या दोन्ही खुणा जुळवून बेल्ट चढवा, टेन्शनरचा बोल्ट हातानेच ठेवा, क्रँक पान्याने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग टेन्शनर आवळा आणि खुणा परत बघा. एक दात चुकला तर गाडी चालू होईल, पण ओढणार नाही. फॅन बेल्ट १० किलोच्या दाबाला ६ ते ९ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणलात तर नव्या पंपाचं बेअरिंग पहिल्या उन्हाळ्यातच बोलायला लागेल.

फक्तपंप
बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर बदला, एवढं मी माझ्या सल्ल्यात जोडतो. माहीत असेल आणि बेल्ट कोरडा असेल तर नाही, यावर ठाम आहे.

घाटातला
पातेल्यातली तपासणी करून बघायला हरकत नाही. त्यात पास झाला तर लावीन. पण कूलंट भरल्यावर एअरलॉक होतो, म्हणजे आत हवा अडकते, त्याचं काय? साध्या पाण्याला हा त्रास नाही.

बोनेटखाली
एअरलॉक दोन्हीला सारखाच होतो. काढलेलं पाणी मोजून ठेवा. थर्मोस्टॅटवरची हवा सुटायची बारीक झडप वरच्या बाजूला येईल असा तो बसवा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचं झाकण उघडं असतानाच इंजिन थंड अवस्थेत सुरू करा आणि थोडं थोडं भरत राहा. वरचा होस गरम झाला की झाकण लावा. मोजलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमी गेलं तर हवा अजून आत आहे. अशी गाडी कसाऱ्याला नेऊ नका.