वाईनमध्ये फळं घालून घरच्या घरी साधं पेय कसं करायचं?

गौरी_सांगली

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. जेवण घरीच आहे, बारा-तेरा माणसं. भावाने नाशिकहून रेड वाईनच्या दोन बाटल्या आणल्यात, लेबलवर शिराझ लिहिलंय. कडक दारू आमच्याकडे कुणी घेत नाही. मी, नवरा, भाऊ, वहिनी आणि दोन मावश्या, एवढेच वाईन घेणारे. त्यातही मावश्यांना नुसती वाईन तुरट लागते, एका घोटानंतर ग्लास तसाच राहतो.

म्हणून वाईनमध्ये फळं घालून काहीतरी करावं असं डोक्यात आहे. मध्यंतरी एका हॉटेलात सांग्रिया, म्हणजे वाईनमध्ये फळं घालून करतात ते स्पेनकडचं पेय, मागवली होती. साखरेचं पाणी आणि वर टिनमधली फळं, वाईनची चवसुद्धा नाही. तसलं नकोय. वोडका, ब्रँडी असलं काही मिसळायचं नाही. शेकर वगैरे घरात नाही, एक मोठा काचेचा जग आहे.

मंडईत सध्या तासगावची द्राक्षं, नागपूरची संत्री, स्ट्रॉबेरी, पेरू, सफरचंद सगळं मिळतंय. यातलं काय घालू? किती आधी घालू? सोडा कधी? बाबा शुगरची गोळी घेतात, तेही अर्धा ग्लास चाखेन म्हणतायत. आणि मुलांसाठी दिसायला तसंच पण बिनदारूचं काही करता येईल का?

दिंडोरीचा_बागायतदार

गौरीताई, आई-बाबांना नमस्कार सांगा. शिराझ ही वाईनच्या द्राक्षाची जात आमच्या शेतात आहे, त्यामुळे यावर मनापासून लिहितो. थोडं लांबेल.

आधी मावश्यांना तुरट का लागतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ, बी नाही. शिराझचा मणी करवंदापेक्षा लहान, साल जाड आणि आत बिया. रेड वाईन करताना रस सालीबियांसकट आंबवतात. रंग सालीतून येतो आणि तुरटपणा साल आणि बी दोन्हीतून. तोडणीच्या दिवसांत आम्ही रोज सकाळी मणी दाबून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्रावर, थेंब टाकतो. 23-24 ब्रिक्स (साखरेचं माप) दिसला की तोडणीचं बोलणं सुरू होतं. इतकं गोड द्राक्ष, पण आंबवताना ती जवळजवळ सगळी साखर अल्कोहोल होऊन जाते. बाटलीत गोडवा उरत नाही, तुरटपणा तेवढा राहतो. त्यात वाईन खूप गार केली तर हा तुरटपणा आणखी टोचतो. म्हणून बर्फाने जग गच्च भरू नका. फ्रिजचा गारवा बास.

आता प्रमाण. एका बाटलीला, म्हणजे 750 मिलीला, संत्र्याचा रस 200 मिली, एका लिंबाचा रस, साखरेचा पाक 40 मिलीच्या आसपास आणि साधा सोडा 350 मिली. सहा जणांना एकेक मोठा ग्लास आणि वर थोडं होतं. दुसरी बाटली लगेच फोडू नका.

पाक म्हणजे साखर आणि पाणी समसमान, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, तार काढायची नाही. त्यातच बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि दोन लवंगा टाकून झाकून ठेवा, गार झाला की गाळा. साखर थेट गार वाईनमध्ये टाकली तर तळाला बसते आणि शेवटचा ग्लास गुळमाट होतो. मसाला वाईनमध्ये कधी उकळायचा नाही, तो पाकातच. गूळ नको, रंग मळतो आणि गुळाची चव सगळ्यांवर चढते.

चव घेण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाईन, संत्र्याचा रस, लिंबू. मग चमच्याने चाखा. त्यानंतर पाक, तोही निम्माच, परत चाखून बाकीचा. आणि चिमूटभर सैंधव. मीठ जाणवायला नको, पण त्याने कडवट-तुरट टोक बोथट होतं. मावश्यांसाठी ही चिमूट साखरेपेक्षा जास्त काम करेल. हॉटेलवाले याच्या उलट करतात, आधी गोड ओततात. गोडाने तुरटपणा झाकला जातो खरा, पण वाईनही झाकली जाते. इतक्या मेहनतीने पिकवलेल्या द्राक्षाचं असं सरबत झालेलं मला बघवत नाही.

संत्र्याचं एक सांगून ठेवतो. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडू व्हायला लागतो. बिया आणि पापुद्रा रसात चिरडला गेला तर आणखी लवकर. रस पाहुणे आल्यावर काढा, हाताने, बिया न चिरडता. जगात घालायच्या फोडीही पापुद्रा आणि बिया काढून सोला. हे काम किचकट आहे, पण फरक इथेच पडतो. सालीच्या चकत्या घालू नका, आतलं पांढरं कडू उतरतं.

द्राक्षं मधोमध चिरा. अख्ख्या मण्यात काही शिरत नाही, वरचा मेणचट थर आणि साल दोन्ही आडवे येतात. धुताना मीठ घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग साध्या पाण्याने चोळून धुवा. त्यातलीच मूठभर अख्खी द्राक्षं कोरडी करून फ्रीजरमध्ये टाका. ग्लासात बर्फाऐवजी तीच वापरायची, पेय पातळ होत नाही. सफरचंद बारीक फोडी करून, ते टिकतं. स्ट्रॉबेरी अगदी शेवटी, वाढण्याआधी अर्धा तास. आधी घातली तर लगदा होते आणि पांढरी पडते. पेरू मी घालणार नाही. वास सुरेख येतो, पण बिया घशाशी येतात. चिकू, पपई, केळं विसरून जा.

सोडा ग्लासात ओतायचा, जगात नाही. जगात घातला की दुसऱ्या फेरीपर्यंत मेलेला असतो. सोडा फ्रिजमधून गारेगार काढलेला हवा, कोमट सोड्यातला गॅस ओतताओतताच निघून जातो.

आणखी एक, हे सौम्य लागतं म्हणून सौम्य समजू नका. वाईन 13 टक्के धरली तर वरच्या प्रमाणात पेय सव्वासात टक्क्यांच्या आसपास येतं. साध्या बिअरपेक्षा जास्तच. गोड-आंबट असल्याने घशाखाली पटकन जातं. 150 मिलीचे लहान ग्लास काढा आणि गाडी चालवत परत जाणाऱ्यांना आधीच सांगा.

वालेन्सियाकर

बागायतदार दादांचं सगळं पटलं. मी स्पेनमध्ये असतो, इथली एक गोष्ट जोडतो. इथे घरोघरी उन्हाळ्यात सांग्रियापेक्षा तिंतो दे वेरानो जास्त प्यायलं जातं. साधी रेड वाईन निम्मी, निम्मा हलका गोड सोडा किंवा लिंबाचा सोडा, वर लिंबाची चकती. झालं. सांग्रिया पाहुणे जमले की होते, नाहीतर पर्यटकांच्या टेबलावर दिसते. 2014 च्या युरोपीय नियमानुसार नुसतं 'सांग्रिया' हे नाव फक्त स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बनलेल्या पेयाच्या बाटलीवर छापता येतं, एवढा त्यांना त्याचा अभिमान आहे.

गौरीताई, ऐनवेळी फळं सोलायला वेळ मिळाला नाही तर हा मार्ग आहे. फक्त आपल्याकडचे बाटलीतले लिंबू सोडे फार गोड असतात. एक भाग तो, एक भाग साधा सोडा, दोन भाग वाईन असं करा.

रानमेवा_वाई

ताई, पुढच्या वर्षासाठी घरीच द्राक्षाची वाईन करून ठेवा की. बरणीत द्राक्षं, साखर, यीस्ट घालून झाकण घट्ट लावायचं, महिनाभरात तयार.

दिंडोरीचा_बागायतदार

रानमेवा, कृपा करून हे कुणाला सुचवू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, 1949 चा दारूबंदी कायदा घरच्या वाईनलाही लागू होतो. विकत आणलेल्या वाईनमध्ये रस मिसळणं वेगळं आणि आंबवणं वेगळं. आणि यीस्ट घातलेली बरणी घट्ट बंद केली तर आत गॅस साठून काच फुटते. वाईनरीत टाकीला गॅस बाहेर जायची सोय असते, तापमानावर चोवीस तास लक्ष असतं. आमच्या भागात ते काम करणारी शिकलेली माणसं आहेत, ते त्यांच्यावर सोडू.

वैद्यकीय_मी

बाबांबद्दल लिहिते. शुगरची गोळी कोणती हे महत्त्वाचं आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर अल्कोहोलमुळे साखर एकदम खाली जाऊ शकते, कधीकधी काही तासांनी, झोपेत. घाम, हात थरथरणं, बरळणं ही साखर उतरल्याची लक्षणं घरच्यांना 'चढली असेल' अशी वाटतात आणि दुर्लक्ष होतं. मेटफॉर्मिन असेल तर किडनी आणि लिव्हर ठीक आहेत ना, हे बघावं लागतं. शनिवारच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. ते हो म्हणाले तरी रिकाम्या पोटी अजिबात नको, जेवणाबरोबरच. आणि त्यांच्या ग्लासात पाक घालू नका.

कुडाळची_मावशी

मुलांसाठी अमृत कोकम कर गो. कोकमाचं सिरप, संत्र्याचा रस, थोडं जिरं भाजून कुटलेलं, वरून सोडा. आगळ घेऊ नकोस, ते खारट असतं, ते सोलकढीचं. रंग असा सुंदर येतो की वाईनच वाटावी. पण म्हणूनच दोन जग शेजारी ठेवू नकोस. फळं घातलेलं लाल पेय दोन्हीकडे सारखंच दिसतं, लग्नाच्या वाढदिवसाच्या गडबडीत कोण बघतंय. मुलांचं स्टीलच्या पिंपात नळ लावून ठेव, मोठ्यांचं काचेच्या जगात स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आणि वाढायचं एकाच माणसाने. तुझ्या भावाला बसव तिथे.

गौरी_सांगली

सगळ्यांचे खूप आभार. बाबांच्या डॉक्टरांना उद्या फोन करते. मावशी, पिंपाची युक्ती पक्की, भावाला सांगूनही टाकलं.

दादा, दोन शंका राहिल्या. फळं रात्रभर भिजवली तर जास्त चव उतरेल का? आणि दुसरी बाटली उघडून अर्धी उरली तर टाकून द्यायची का? बेदाणेही घरात आहेत, तासगावचेच.

दिंडोरीचा_बागायतदार

रात्रभर नको. सफरचंद आणि चिरलेली द्राक्षं वाईनमध्ये घालून तीन-चार तास फ्रिजमध्ये पुरे. संत्र्याच्या फोडी शेवटच्या तासाला, स्ट्रॉबेरी त्यानंतर. जास्त वेळ ठेवलं तर फळ आपला रस सोडून देतं आणि वाईन शोषून घेतं, मग ते खायला तिखट लागतं. आणि लक्षात ठेवा, जगाच्या तळाशी राहिलेल्या फळांत चांगलीच दारू असते. लहान मुलांना ती गोडगोड फळं खूप आवडतात. जग रिकामा झाला की फळं लगेच काढून टाका, ओट्यावर तशीच ठेवू नका.

बेदाणे जगात घालू नका, फुगून बसतात आणि पेय गोडमिट्ट करतात. पण बशीत शेंगदाणे आणि चीजच्या तुकड्यांबरोबर ठेवा, शिराझबरोबर फार छान लागतात.

उरलेली बाटली टाकायची नाही. वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तीन-चार दिवस चांगली राहते. नंतर व्हिनेगरसारखा वास यायला लागला की समजा गेली. फळं आणि रस घातलेलं मिश्रण मात्र त्याच रात्री संपवा, संत्र्याचा रस त्यात असल्याने सकाळी कडू होतं.

लेबलवर साल छापलेलं असेल तर तेवढं कळवा. आमच्या भागातली असेल तर त्या वर्षी पाऊस कसा होता ते सांगतो.