डुकरांच्या शेडमध्ये आधी काय बसवावं, कॅमेरा की सेन्सर?

प्रश्न:
१२ कप्पे, प्रत्येकी २० डुकरं, वजन ३० ते १०० किलो. आजारपण लवकर कळावं आणि काट्यावर न चढवता वजन मिळावं, एवढंच हवंय. सगळं एकदम बसवायचं नाही. सुरुवात कशाने करू? अमोनियात सेन्सर टिकत नाहीत म्हणतात, खरं का?

उत्तर १:
आजारपणासाठी आधी पाण्याचा मीटर, कारण पिण्याचं प्रमाण बदललं की आजाराचा संशय येतो. प्रत्येक कप्प्याच्या लाइनवर एक, पल्स देणारा (म्हणजे ठरावीक पाणी गेलं की एक विद्युत संकेत पाठवणारा). १० लिटरला एक पल्सवाला मात्र घेऊ नका. ५० किलोची २० डुकरं दिवसाला साधारण १०० लिटर पितात. म्हणजे दिवसभरात जेमतेम १० पल्स, त्यातून तासाचा आलेख काय निघणार? लिटरला एक तरी हवा. तुलना कालच्या त्याच तासाशी करा, कारण दुपारी पाणी जास्त जातं, रात्री कमी. रात्रीही आकडा शून्यावर येत नसेल तर आधी निपल (डुकरं पाणी पितात ती तोटी) गळतंय का बघा.

उत्तर २:
वजनासाठी डेप्थ कॅमेरा (चित्रातल्या प्रत्येक बिंदूचं अंतर मोजणारा), अडीच-तीन मीटरवर, सरळ खाली बघणारा. पाठीची लांबी-रुंदी-उंची धरून तो अंदाज काढतो. डुक्कर बसलेलं किंवा वाकडं उभं असेल ती फ्रेम टाकून द्यायची. दर दोन-तीन आठवड्यांनी आठ-दहा डुकरं खऱ्या काट्यावर घ्याच, नाहीतर चूक हळूहळू वाढते आणि कळतही नाही. शेपट्या खाली दाबलेल्या दिसू लागल्या तर शेपूट चावण्याचा प्रकार जवळ आलाय असं समजा. हेही याच कॅमेऱ्यातून टिपता येतं.

प्रश्नकर्ता:
पण २० मधलं नेमकं कुठलं आजारी, हे कॅमेरा सांगेल?

उत्तर २:
भरवशाने नाही. एकमेकांवर रेलून झोपली की ओळखींची अदलाबदल होते. त्यासाठी कानात १३४.२ किलोहर्ट्झचा बिल्ला (रेडिओ लहरींनी ओळख क्रमांक सांगणारा) आणि तो वाचायला गव्हाणीवर अँटेना. अँटेना लोखंडी गजांना चिकटवली तर पल्ला पार घटतो.

उत्तर ३:
अमोनियाचं खरं आहे. सेन्सरमधला गॅस ओळखणारा भाग, म्हणजे इलेक्ट्रोकेमिकल सेल, सतत गॅसमध्ये राहून संपतो, तेव्हा बदलायचा सेल सुटा मिळतोय का ते खरेदीआधीच बघा. सेन्सर शून्य दाखवतो का ते मोकळ्या हवेत तपासा. जागा डुकराच्या नाकाच्या उंचीला, पण गजांबाहेर; प्रेशरने शेड धुताना काढून ठेवा. जास्त त्रास वायरींचा. हाताला लागेल तिथवर नव्हे, डुकराचं तोंड पोचेल तिथवर लोखंडी पाइपातूनच न्या. तांब्याचे जोड हिरवे पडतात, म्हणून जंक्शन बॉक्स शेडबाहेर. आणि इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून लांब लावा: किडे येतात, मागोमाग कोळी, आणि रात्री लेन्ससमोरचं जाळं उजळून सगळं चित्र पांढरं.