मदत हवी आहे: मराठी डॉक्युमेंटेशनच्या फाइलींना नावं कशी द्यावीत?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून एका मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी डॉक्युमेंटेशन लिहितो. साइट एमकेडॉक्सवर (साध्या मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइट बनवणारं साधन), फाइली गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली). फाइलीच्या नावावरूनच पानाची लिंक बनते. लिहिणारे वाढत गेले तशी नावंही ज्याच्या-त्याच्या सवयीची झाली: कुठे हायफन, कुठे अंडरस्कोर, कुठे रोमन, कुठे देवनागरी. आता हे सगळं एका पद्धतीत आणायचंय.

रोमन नावं सगळी स्मॉलमध्ये आणि दोन शब्दांत हायफन, एवढं ठरलंय. कारण विंडोजवर कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी फाइल उघडते, लिनक्स सर्व्हरवर तीच लिंक ४०४ ('पान सापडलं नाही') देते.

घोडं अडलंय ते देवनागरीपाशी. 'पायऱ्या' हाच शब्द घ्या. एक जण त्यातला 'ऱ' थेट टाइप करतो, दुसरा साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) टाकतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण फाइली दोन वेगळ्या! एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी संगणकी रूपं एकसारखी करणं) केलं तरी हा फरक जात नाही. लिंक तुटते आणि नुसतं बघून कारण कळत नाही. शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायची संगणकी पद्धत) ३ बाइटचं. लिंक कॉपी केली की प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट ३ अक्षरं होतात, म्हणजे 'पायऱ्या'ची ६३, झेडडब्ल्यूजेवाल्याची ७२. अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवणार?

म्हणून माझं मत असं, की फाइलीचं नाव रोमन ठेवावं, शीर्षक आणि मेन्यू मात्र अस्सल मराठी. पण मराठी शब्द रोमनमध्ये लिहायचा तर 'पा'साठी 'ए' एक की दोन, यावरच पुन्हा वाद. त्यापेक्षा मूळ इंग्रजी पानाचंच नाव घेतलं, तर कुठलं भाषांतर जुनं झालंय ते पटकन जुळवता येईल. मात्र मराठी कीबोर्डसारखी काही पानं इंग्रजीत मुळातच नाहीत. त्यांना काय नाव द्यायचं?

दुसरी काळजी जुन्या लिंकांची. लोकांनी त्या ठिकठिकाणी दिल्यात, त्या मोडून चालणार नाहीत. एमकेडॉक्सचं रीडायरेक्टचं प्लगइन जुन्या पत्त्यावर पुढे ढकलणारं एचटीएमएल पान ठेवतं, सर्व्हरचं खरं ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा संदेश) देत नाही. सर्चमधून येणाऱ्यांसाठी तेवढं पुरतं का?

आणि नियम मोडणारं नाव कमिटच्या वेळीच (गिटमध्ये बदल नोंदवतानाच) अडवणारी एखादी स्क्रिप्ट कुणी वापरत असेल, तर कृपया इथे टाका.