ठाकुरदेवाचा डोंगर आणि ग्रामसभेचा ठराव

खाणीविरोधात ग्रामसभेचा ठराव लिहिताना ‘श्रद्धेचा मुद्दा कोर्टात टिकत नाही, जंगल-पाणी-हवामानाचंच बोला’ असं सांगितलं जातं. ते मला अजिबात पटलं नाही. ओडिशातल्या नियमगिरी या आदिवासींच्या पवित्र डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढेच ठेवायला सांगितला. तिथल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली!

आमच्या गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातला सुरजागड हा ठाकुरदेवाचा डोंगर. जानेवारीतल्या यात्रेत माडिया-गोंड माणसं पूजाही करतात आणि तिथल्या लोहखनिजाच्या खाणीवरही बोलतात. देव, तेंदूपत्ता, नाल्याचं पाणी असे वेगळे कप्पे तिथे नाहीत. वनहक्क कायद्याचं कलम ५ सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा एकाच वाक्यात धरतं. म्हणून ठराव लिहिताना देवस्थानाची जागा नावानिशी नोंदवा, तीही पहिल्याच परिच्छेदात.