बारेसी म्हणजे फक्त ती पेनल्टी?

कुणीतरी लिहिलंय, की इटली आणि एसी मिलान क्लबचा फुटबॉल बचावपटू फ्रँको बारेसी म्हटलं की १९९४ च्या ब्राझीलविरुद्धच्या वर्ल्डकप फायनलमधली हुकलेली पेनल्टीच आठवते. आठवणारच. पण त्याआधीची १२० मिनिटं पाहिलीत का? नॉर्वेविरुद्धच्या साखळी सामन्यात त्याचा गुडघा दुखावला, ऑपरेशन झालं, आणि महिनाही उलटायच्या आत हा गडी फायनलला अमेरिकेतल्या पॅसाडेनाच्या रणरणत्या उन्हात ब्राझीलच्या रोमारियो-बेबेटो या स्ट्रायकर जोडीसमोर उभा! ब्राझीलला गोल काही करता आला नाही. मग दमल्या पायांनी पहिलीच पेनल्टी बारवरून गेली, एवढंच.

उंची जेमतेम पावणेसहा फूट, त्यामुळे सगळी भिस्त अंदाजावर. प्रशिक्षक साक्कीच्या मिलानमध्ये तो पुढे सरकला की आख्खी बचावफळी सरकायची, समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड (म्हणजे बचावफळीच्या मागे, नियमबाह्य जागी), आणि बारेसीचा हात लाइनमनच्या आधी वर! मिलान १९८० मध्ये मॅच फिक्सिंगच्या शिक्षेपायी आणि १९८२ मध्ये खराब खेळापायी दुसऱ्या श्रेणीत गेलं, तरी पठ्ठ्या हलला नाही. १९९७ मध्ये तो निवृत्त झाल्यावर क्लबने ६ नंबरची जर्सीच बंद केली. मिलानचाच दुसरा दिग्गज बचावपटू माल्दिनी, त्याच्या थोरवीबद्दल वाद नाहीच, पण कॅप्टनचा पट्टा त्याच्याकडे आला तो बारेसीकडूनच.