डोळ्याच्या पडद्यावर फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या: इंजेक्शन असताना लेझर कशासाठी?

प्रश्न (अमळनेर)

माझ्या वडिलांचे वय 62 असून त्यांना 17 वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात पहाटे गोठ्यात गेले असता त्यांना उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगताना दिसले, आणि कोळ्याचे जाळे अंगावर आले असे समजून ते बराच वेळ तोंडावरून हात फिरवत राहिले. तपासणीत पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्याचे निघाले आणि दोन-तीन बैठकांत लेझर करण्याचा सल्ला मिळाला. समजावून सांगायला तिथे कोणाला सवड नव्हती. हातात एक छापील चिठ्ठी आली, तेवढीच. "चांगला पडदा जाळून घ्यायचा नाही," असे म्हणून वडील अडून बसले आहेत.

पडद्याला रक्त कमी पडते म्हणून नव्या वाहिन्या येत असतील, तर ते हिताचेच नाही का? आणि त्या वाहिन्या सुकवणारी इंजेक्शने निघालेली असताना जुने लेझर अजून का वापरले जाते?

उत्तर 1 (धुळे, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक)

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे पडद्यातील केसाहून बारीक वाहिन्या बंद पडतात आणि त्यांच्यापुढचा भाग प्राणवायूवाचून उपाशी राहतो. पेशींमध्ये एक प्रथिन असे असते की प्राणवायू पुरेसा असताना ते सतत मोडले जाते, आणि तुटवडा पडला की ते टिकून राहून नव्या वाहिन्या फुटायला लावणाऱ्या 'व्हीईजीएफ' या द्रव्याची निर्मिती वाढवते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2019 चे नोबेल मिळाले. उपाशी पडद्यातून असे काही द्रव्य पाझरत असावे, हा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी 1948 मध्येच मांडला होता. कॅलिफोर्नियात नेपोलियोने फेरारा यांनी 1989 मध्ये व्हीईजीएफ वेगळे केले, आणि 1994 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना ते अशाच रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात वाढलेले आढळले. तर्क आणि पुरावा यांत 46 वर्षे गेली.

आता हिताचे का नाही ते पाहू. या वाहिन्या उपाशी भागात शिरतच नाहीत. त्या पडद्याच्या पृष्ठभागावर येऊन डोळ्यातील जेलीसारख्या काचद्रवाच्या आधाराने पसरतात, त्यांच्या भिंती कच्च्या व झिरपणाऱ्या असतात, आणि काचद्रव जरा ओढला गेला की त्या फुटतात. आपल्या वडिलांना दिसलेले धागे बहुधा असेच सांडलेले रक्त असावे. पुढे त्यांच्यासोबत वाढलेला तंतुमय पापुद्रा आकसतो आणि पडद्यालाच ओढून सोडवतो. भूक खरी, पण वाढलेले ताट दुसऱ्याच्याच पुढे, असा हा प्रकार आहे.

उत्तर 2 (रावेर, केळी उत्पादक)

भाऊ, मी स्वतः यातून गेलो आहे, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिले आपण विळ्याने कापतो, पण कंदात जोर असेपर्यंत ती पुन्हा फुटतात. इंजेक्शन म्हणजे पिले कापणे. पाळी चुकवून चालत नाही. माझ्या डाव्या डोळ्यात तीन इंजेक्शने झाली, नजर सुधारली, आणि नेमकी कटाई सुरू झाल्यामुळे मी पुढचे पाच महिने फिरकलो नाही. चूक माझीच होती. नंतर पडदा ओढला जाऊन मोठी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि आज त्या डोळ्याने मला घडाच्या फण्या मोजता येत नाहीत.

उत्तर 3 (जळगाव, नेत्रतज्ज्ञ)

डोळा न पाहता उपचार ठरवणे योग्य नाही, तरीही लेझरमागचे कारण सांगता येईल. वर दिलेला पिलांचा दाखला मला आवडला. तोच धरून सांगायचे तर लेझर कंदाचा जोर कमी करते. पडद्याच्या कडेच्या, म्हणजे बारीक वाचनाला न लागणाऱ्या भागावर शेकडो सूक्ष्म डाग दिले जातात. तिथल्या प्राणवायू फस्त करणाऱ्या पेशी कमी झाल्याने उरलेल्या पडद्याची भूक भागते आणि व्हीईजीएफ उतरते. 1976 मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दोन वर्षांनंतर तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण उपचार न केलेल्या डोळ्यांत 16.3 टक्के, तर उपचार केलेल्यांत 6.4 टक्के होते.

इंजेक्शन कमी प्रतीचे आहे, असे मात्र मुळीच नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत रॅनिबिझुमॅब या व्हीईजीएफ रोखणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दोन वर्षांअखेर लेझरच्या तोडीस तोड ठरले, आणि बाजूची नजरही त्यात अधिक शाबूत राहिली. पण त्या चाचणीत रुग्ण वेळेवर येत राहावेत यासाठी सतत पाठपुरावा होता. मध्येच येणे सोडलेल्या रुग्णांचा पुढे अमेरिकेतच अभ्यास झाला, तेव्हा केवळ इंजेक्शनवर असलेले डोळे लेझर झालेल्या डोळ्यांपेक्षा जास्त बिघडलेले आढळले. म्हणून येणे-जाणे अनिश्चित असलेल्या रुग्णाला मी लेझरच सुचवतो. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर गणित बदलते. तिथे आधी इंजेक्शन आणि मागाहून लेझर असा क्रम बहुधा ठेवतात. मध्यभागाचा स्कॅन झाला आहे का, हे त्या चिठ्ठीवर पाहावे, आणि दुसऱ्या डोळ्याची तपासणीही लांबवू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. स्कॅन झाला आहे, सूज नाही. हे सगळे वाचून दाखवल्यावर वडिलांनी एकच विचारले: आमच्या फीडरला वीज रात्रीची असते, लेझरनंतर मोटार सुरू करायला शेतात जाता येईल का?

उत्तर 3 (जळगाव, नेत्रतज्ज्ञ)

लेझरनंतर अंधारातली नजर काहीशी मंदावते, आणि ती पूर्ण परत येईलच असे नाही. शेतात जाता येईल, परंतु सुरुवातीला सोबत कोणी असावे, हातात चांगली बॅटरी असावी, आणि विहिरीच्या काठाने एकट्याने जाऊ नये. रात्रीची मोटारसायकल पुढच्या तपासणीपर्यंत आपणच चालवावी.